चार नावं, एकच आकडा: गटाच्या प्रोजेक्टच्या मार्कांबाबत खुलं पत्र

प्रति,
नागपुरातील विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळांचे सदस्य,
तसेच स्वायत्त महाविद्यालयांचे परीक्षा नियंत्रक यांस,

विषय: गटाने केलेल्या प्रोजेक्टला सरसकट सारखे मार्क देण्याच्या पद्धतीबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

माझी पदवी झाली. माझे इंटर्नलचे मार्क आता कोणाच्याही हातात नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला मोकळी झाले. शिकत असताना हेच लिहिलं असतं तर पुढचं सब्मिशन कोणाकडे आहे याचा विचार आधी करावा लागला असता. ही अडचण आपल्याला नवीन नाही, आपणही कधीकाळी बाकाच्या या बाजूला होता.

चार-पाच जणांचा गट करायचा, एक टॉपिक घ्यायचा, एक रिपोर्ट बांधून आणायचा, एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, सगळ्यांनी ओळीनं उभं राहायचं आणि मग सगळ्यांच्या नावापुढे तोच आकडा लिहिला जायचा, फार तर एखाद्या मार्काच्या फरकानं. ही पद्धत अन्यायाची आहे असं माझं म्हणणं आहे. गटानं काम करायला माझा विरोध नाही. उलट माझं जे काही शिक्षण झालं त्यातला बराच भाग त्या गटांमध्येच झाला. मार्क देण्याची रीत बदला, एवढ्यासाठी हे पत्र.

लेखी परीक्षेत आपण किती काटेकोर असता ते आम्ही पाहिलेलं आहे. उत्तरपत्रिकेवर चुकून कुठे नाव लिहिलं तर धाबं दणाणतं. तपासणाऱ्याला पेपर कोणाचा आहे ते कळू नये याची व्यवस्था असते. निकाल पटला नाही तर छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. २०११ साली तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा परीक्षार्थीचा माहितीच्या अधिकाराखालचा हक्क आहे. आता त्याच विद्यार्थ्यानं येऊन विचारलं की प्रोजेक्टमध्ये मला एवढेच का, तर त्याला काय दाखवणार? रिपोर्ट चौघांचा. त्यातलं कोणतं पान कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कोणी काय उत्तर दिलं त्याची नोंद नाही. म्हणजे त्या विषयाची त्याची स्वतःची अशी उत्तरपत्रिकाच अस्तित्वात नाही, आणि गुणपत्रिकेवर मार्क मात्र आहेत.

पूर्वी हे खपून जायचं, कारण प्रोजेक्ट शेवटच्या वर्षाला एकदा यायचा आणि तोही मुख्यतः इंजिनिअरिंग, एमबीए असल्या अभ्यासक्रमांना. नवीन शैक्षणिक धोरणानंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांनाही फील्ड प्रोजेक्ट आले, समाजसहभागाचे प्रकल्प आले, आणि त्यांना क्रेडिट (पदवीसाठी जमा करायचे श्रेयांक) आले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्यात प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाला एका क्रेडिटमागे सत्रात ३० तास धरले आहेत. त्या हिशोबानं चार क्रेडिटचा प्रोजेक्ट म्हणजे एका विद्यार्थ्याचे १२० तास, चौघांच्या गटाचे ४८०. आपल्याच विभागातला कोणताही बांधलेला रिपोर्ट उघडा. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, इंटरनेटवरून उचललेली प्रस्तावना एवढं बाजूला काढा आणि उरलेल्या पानांत ४८० तास शोधा. पुष्कळ गटांत ते झालेलेच नसतात. काही गटांत निम्मेअर्धे होतात, पण ते सगळे एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या रात्रींमधून आलेले असतात. क्रेडिट मात्र चौघांच्याही खात्यावर पूर्ण जमा.

आता वर्गात प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण अभ्यासक्रमाच्या कागदावर ते दिसत नाही. गट ठरला की आठवड्याभरात कोण काम करणार हे सगळ्यांना कळून चुकतं. "तू हुशार आहे ना बे, तूच करून टाक. माझं नाव टाकजो फक्त." हे हसत-खेळत म्हटलं जातं, त्यामुळे नाही म्हणणारा आखडू ठरतो. दुसरा एक जण प्रिंटिंग आणि बाइंडिंगचे पैसे देतो आणि तोच त्याचा वाटा समजला जातो. गटातले सगळे ते मान्यही करतात, कारण पैसेही लागतातच. पुढची पायरी म्हणजे वर्गणी काढून तयार प्रोजेक्ट विकत घेणं. तिथे तर चौघंही सारखेच रिकामे, म्हणजे सारखे मार्क देणं त्या एकाच प्रकारात न्याय्य म्हणावं लागेल.

आळशी पोरांबद्दल सगळेच बोलतात. त्याच्या उलट असलेल्या प्रकाराबद्दल कोणी बोलत नाही. गटातला सर्वांत हुशार मुलगा दुसऱ्यांना हात लावू देत नाही. "राहू दे, तुला नाही जमणार, मी पाहून घेतो." त्याचंही चुकतं असं म्हणवत नाही. दुसऱ्यानं बिघडवलं तर मार्क त्याचेच जाणार असतात. सारख्या मार्कांची पद्धत अशी दोन्हीकडून कापते. कमी करणाऱ्याला ती फुकट देते, आणि ज्याला शिकवून सोबत घ्यायला हवं त्याला बाहेर बसवून काम एकट्यानं उरकण्याचं कारण करणाऱ्याच्या हाती देते.

मी या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आहे. माझं गाव काटोलकडचं. पदवीची सगळी वर्षं मी अप-डाउन केलं. दुसऱ्या वर्षाला आमच्या गटाचा विषय मीच सुचवला होता: काटोल-नरखेड भागातले संत्रा बागायतदार बाग झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ती, म्हणजे एकदम ठरावीक रकमेला, का देतात, स्वतः माल तोडून नागपूरला कळमन्याच्या बाजारात का आणत नाहीत. विषय सरांना आवडला. फॉर्म भरून आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बागायतदार दुपारी भेटत नाहीत, भेटले तर लगेच बोलत नाहीत. व्यापाऱ्याकडून बयाणा किती घेतला हे तर अनोळखी पोरीला कोणी सांगतच नाही. काकांना सोबत घेऊन, दहा ठिकाणी चहा पिऊन ती माहिती मी गोळा केली. नंतर ती एक्सेलमध्ये भरणं, तक्ते काढणं, रिपोर्ट लिहिणं हे शहरात राहणाऱ्या तिघांनी केलं. त्यांच्या बैठका संध्याकाळी सातला एकाच्या रूमवर व्हायच्या. त्या वेळी मी एसटीत असायचे किंवा एसटीची वाट पाहत असायचे. लॅपटॉप माझ्याकडे नव्हता. व्हायवाच्या आधी गाइड सरांना गटानं काय सांगितलं, तर ही काही कामाला येतच नाही. आकड्यांमागच्या माणसांना कोण भेटलं होतं हे विचारायची पद्धतच नव्हती, त्यामुळे कोणी विचारलं नाही. मार्क मला सगळ्यांइतकेच मिळाले. आपण म्हणाल, मग तक्रार कसली? तक्रार ही की ते मला उपकार म्हणून मिळाले. "तुलाही दिले बरं सरांनी" हे वाक्य मी वर्षभर ऐकलं.

शेवटच्या वर्षाला पारडं फिरलं. लॅपटॉप घेतला होता, मैत्रिणीच्या खोलीवर आठवड्यातून दोन दिवस थांबायची सोय झाली होती, आणि गट असा मिळाला की प्रश्नावलीपासून शेवटच्या पानावरच्या संदर्भांपर्यंत मीच सगळं केलं. एक जण नोकरीच्या तयारीत होता, एकाचं लग्नसराईत केटरिंगचं काम चालायचं, तिसरीला खरोखरच काही पडलेली नव्हती. चौघांना सारखेच मार्क. केटरिंगवाल्याचा मला राग आला नाही, तो घर चालवत होता. तिसरीचा आला. पण हा फरक मला माहीत होता, माझ्या गाइडला माहीत नव्हता, आणि एक्स्टर्नलला तर आमची नावंही नीट माहीत नव्हती.

हे सगळं स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ साली छापून आले. ओढणारे वाढत गेले तसा माणशी जोर घटत गेला, आणि आठ जणांच्या गटात तो जवळपास निम्म्यावर आला. रिंगेलमानला वाटलं, एकमेकांचा ताळमेळ बसत नाही म्हणून असं होत असेल. पुढे १९७४ साली काही संशोधकांनी लोकांचे डोळे बांधले आणि तुमच्यासोबत आणखी माणसं ओढताहेत असं नुसतं भासवलं. ताळमेळाचा प्रश्नच नव्हता, तरी जोर घटला. १९७९ साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच दाखवलं आणि या प्रकाराला 'सोशल लोफिंग' असं नाव दिलं. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो त्याच तिघांचा १९८१चा प्रयोग. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं लोकांना कळलं, की कामचुकारपणा दिसेनासा झाला. माणसं तीच, गट तोच. फक्त आपला वाटा दिसणार आहे, एवढंच त्यांना समजलं होतं.

आमच्या भागात हे कोणाला प्रयोग करून सांगावं लागत नाही. सामायिक विहिरीवर भावाभावांच्या पाळ्या तासांनी ठरलेल्या असतात. विहीर एकत्र असली तरी मोटार कोणी किती वेळ चालवली याचा हिशोब वेगळा राहतो, आणि त्या हिशोबामुळेच विहीर एकत्र राहते. प्रोजेक्टच्या गटाला नेमका हाच हिशोब नाही.

तर मग करायचं काय? गाइडवर आणखी ओझं टाका असं मी म्हणणार नाही. कॉलेजांमधली किती पदं रिकामी आहेत आणि किती शिक्षक तासिका तत्त्वावर राबताहेत ते आम्हाला दिसतं. आमच्या गाइड मॅडम स्वतः तासिका तत्त्वावर होत्या. त्यांच्याकडे इतके गट होते की कोणता टॉपिक कोणाचा हे लक्षात ठेवणंच अवघड होतं. एक्स्टर्नल एका दिवसात रांगेनं गट उरकतात. दहा मिनिटं एका गटाला मिळाली तर पाच जणांत माणशी दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत जो आधी तोंड उघडतो तोच बोलतो.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी स्वस्तातली आहे. रिपोर्ट जमा करण्याच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गात बसवून, फोन बाहेर ठेवून, अर्ध्या तासात एक पान हातानं लिहायला लावा. मी नेमकं काय केलं, कुठे अडलं, ते कसं सोडवलं, आणि माझ्या गटातल्या बाकीच्यांनी काय काय केलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. चौघांची चार पानं शेजारी ठेवली की पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. ज्यानं काही केलं नाही त्याला "आम्ही सर्वांनी मिळून माहिती गोळा केली" याच्या पलीकडे लिहिता येत नाही. आणि ज्यानं फॉर्म भरून आणले त्याला बयाण्याची गोष्ट लिहिता येते, जी एक्सेल भरणाऱ्याला माहीतच नसते. हे पान म्हणजे त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका. ते जपून ठेवता येईल, दाखवता येईल, त्यावर वाद घालता येईल. रिपोर्ट आता चॅटजीपीटीही लिहून देतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर मार्क देणं तसंही फार दिवस टिकणारं नाही.

दुसरी मागणी मार्कांच्या वाटणीची. निम्मे मार्क गटाच्या कामाला ठेवा, ते सगळ्यांना सारखे मिळू द्या, कारण एकत्र काहीतरी उभं करण्यालाही किंमत असायला हवी. उरलेले निम्मे त्या पानावरून आणि त्यावरच विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांवरून, प्रत्येकाला वेगळे. ही वाटणी सत्राच्या सुरुवातीला, गट ठरण्याआधी फळ्यावर लिहून सांगा. १९८१च्या प्रयोगाचं सार मला तरी हेच वाटतं की मोजमाप होणार आहे हे आधी कळलं पाहिजे. शेवटी कळलं तर ती फक्त शिक्षा होते.

काही विद्यापीठांत गटातले विद्यार्थीच एकमेकांना गुण देतात. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठानं यासाठी 'वेबपीए' नावाची प्रणाली तयार केली, सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात 'स्पार्क' तयार झाली. ढोबळ हिशोब असा: गटातल्यांनी दिलेल्या गुणांवरून प्रत्येकाचा एक गुणक निघतो. सरासरीइतकं काम करणाऱ्याचा १, जास्त करणाऱ्याचा १च्या वर, कमी करणाऱ्याचा खाली; आणि गटाचे मार्क त्या गुणकानं कमी-जास्त होतात. कागदावर हे सुंदर आहे. आपल्याकडे ते जसंच्या तसं आणू नये, असं माझं मत आहे. दुसऱ्या वर्षाला माझ्या गटानं मला गुण दिले असते तर किती दिले असते ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या वर्गांत आडनाव वाचलं जातं. मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा मुलगा काम करूनही बिनकामाचा ठरतो. हॉस्टेलवाले हॉस्टेलवाल्यांना सांभाळून घेतात. त्यामुळे सहकाऱ्यांच्या मताचा उपयोग खुणेपुरता करावा. बाकीच्या तिघांनी आपापल्या पानात एखाद्याचं नावच घेतलं नसेल तर गाइडनं त्याला बोलावून विचारावं, मार्क परस्पर कापू नयेत.

इंजिनिअरिंगच्या मित्रांचं म्हणणं असतं की कोड कोणी लिहिला ते गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर) दिसतं, गूगल डॉक्समध्ये कोणी काय टाइप केलं त्याचा इतिहास राहतो, मग पान कशाला लिहायचं? ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याच्याच नावानं तो इतिहास तयार होतो. शेजारी बसून चूक दाखवणाऱ्याचं नाव त्यात येत नाही, आणि संत्र्याच्या बागेत फिरणाऱ्याचं तर नाहीच नाही. पुरावा म्हणून तो जरूर पाहावा, त्यावरच निकाल देऊ नये.

तिसरी मागणी वेळेची आहे, आणि तिला मी मार्कांइतकंच महत्त्व देते. प्रोजेक्टचे तास वेळापत्रकात, कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या संगणक कक्षात ठेवा. १२० तासांचे क्रेडिट देता तर त्यातले काही तास तरी सगळ्यांना एका छताखाली मिळू द्या. उमरेड, रामटेक, कुही, सावनेर इथून येणारी मुलं-मुली, संध्याकाळच्या ठरावीक वेळेत हॉस्टेलवर परतावं लागणाऱ्या मुली, दुपारनंतर कामावर जाणारे, या सगळ्यांना गटात राहूनही गटाबाहेर ठेवणारी गोष्ट म्हणजे संध्याकाळी सातची बैठक. त्यांना आळशी म्हणण्याआधी ती बैठक दुपारी बाराला घेऊन पाहावी.

यावर नेहमी मिळणारं एक उत्तर माझ्या ओळखीचं आहे: "बाहेर नोकरीत असंच असतं, आत्तापासून सवय करा." माझ्या वर्गातले काही जण आता नागपुरातल्या मिहान या औद्योगिक भागातल्या कंपन्यांत आहेत. तेही टीममध्ये काम करतात. पण त्यांच्या टीमला वरिष्ठ असतो, त्याला रोज कोण काय करतंय ते विचारण्याचाच पगार मिळतो. काम न करणाऱ्याला तो दुसरीकडे हलवू शकतो. वर्षाअखेरीस पगारवाढही माणशी वेगळी ठरते. चौघांना सारखी पगारवाढ देऊन 'आपसात पाहून घ्या' म्हणणारी कंपनी मला तरी अजून कोणी सांगितलेली नाही. आणि 'आपसात पाहून घ्या' म्हणजे काय, तर वीस वर्षांच्या मुलीनं आपल्याच वर्गातल्या तिघांना, ज्यांच्यासोबत अजून दोन सत्रं काढायची आहेत, शिस्त लावायची. तिच्या हातात ना अधिकार, ना मार्क.

तक्रार करायला जागा आहे, हेही मला माहीत आहे. यूजीसीच्या २०२३च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत मूल्यमापनातल्या अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धती ही तक्रारीची बाब म्हणून धरलेली आहे. तक्रार निवारण समितीनं १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. चांगलीच तरतूद आहे. पण प्रोजेक्टच्या मार्कांविरुद्ध तक्रार करायची तर वर्गमित्राच्या नावानं लेखी अर्ज करावा लागतो आणि पुरावा काही नसतो. अशा अर्जाची वाट पाहत बसलात तर तो कधीच येणार नाही, आणि सगळं आलबेल आहे असा आपला समज होईल. पद्धत अभ्यासक्रमातच बसवली तर अर्जाची गरज उरत नाही. निदान सत्राच्या मध्यावर, मार्क लागण्याच्या कितीतरी आधी, गटाला "आमचं जमत नाही" एवढं सांगायची एक सोपी वाट ठेवा. तिथे गट बदलता आला, कामाची वाटणी गाइडसमोर नव्यानं लिहून घेता आली, तरी निम्मी भांडणं मिटतील.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभ्यासक्रम सुचवण्याचं काम अभ्यास मंडळांकडे आहे आणि परीक्षांची व मूल्यमापनाची पद्धत पाहण्याचं काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे. स्वायत्त महाविद्यालयांना तर यातलं बरंचसं स्वतःच ठरवता येतं. त्यामुळे हा प्रश्न मुंबईचा किंवा दिल्लीचा आहे असं उत्तर कृपया देऊ नये. हातानं लिहिलेलं एक पान, मार्कांची निम्मी-निम्मी वाटणी आणि वेळापत्रकातला प्रोजेक्टचा तास, या तिन्ही गोष्टींवर आपल्या पुढच्या बैठकीत चर्चा व्हावी आणि जो निर्णय होईल तो, नकार असला तरी कारणासकट, कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर लागावा, ही विनंती. नवीन सत्राचे गट पडण्याआधी तो लागला तर त्याचा उपयोग होईल.

आपली,
वाणिज्य शाखेची एक माजी विद्यार्थिनी
काटोल, जि. नागपूर